आकाशगंगेचा विस्तार : खेळांतला आणि खरा
(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या दिवाळींत कांहीं कामानिमित्त मी जालन्यास एका स्नेह्यांच्या घरीं उतरलों होतों. रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यांचा नववींत शिकणारा मुलगा संगणकापुढें बसून एक खेळ खेळत होता. पडद्यावर काळेंभोर अवकाश, त्यांत अगणित तारे, आणि त्या ताऱ्यांमधून वाट काढीत जाणारें त्याचें एक लहानसें यान. मीं सहज विचारलें, "कोठवर आलास?" तो म्हणाला, "काका, आकाशगंगेचा मध्य आतां फार लांब नाहीं. उद्यां पोहोंचेन." मग क्षणभर थांबून त्यानें मलाच विचारलें, "पण काका, आपण खरोखरी तेथें केव्हां जाणार हो?"

त्या रात्रीं मला ह्या प्रश्नाचें उत्तर नीट देतां आलें नाहीं. तें आज आपणां सर्वांसमक्ष देण्याचा प्रयत्न करणार आहें.

प्रथम त्या खेळाविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत. कारण वडील मंडळींपैकीं पुष्कळांना तो निव्वळ पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. 'एलिट डेंजरस' हें त्याचें नांव. इंग्लंडांतील केंब्रिज येथें डेव्हिड ब्रेबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो तयार केला व २०१४ च्या डिसेंबरांत लोकांपुढें ठेवला. आपण ज्या आकाशगंगेंत राहतों ती ह्या खेळांत खऱ्या मापानें उभी केलेली आहे. तींत सुमारें चाळीस हजार कोटी तारे आपापल्या परिवारांसह आहेत. त्यांपैकीं दीड लाखाच्या आसपास तारे ज्योतिषांनीं केलेल्या याद्यांतून जसेच्या तसे घेतले आहेत. बाकीचे, ज्यांची स्वतंत्र नोंद कोणापाशींच नाहीं, ते ज्योतिःशास्त्राच्या नियमांना धरून यंत्रानें कल्पिलेले आहेत.

चाळीस हजार कोटी हा आंकडा उच्चारणें सोपें आहे, पण त्यानें मनापुढें कांहींच उभें राहत नाहीं. म्हणून आपण घरांतील ज्वारीचा आधार घेऊं. एक किलो ज्वारींत ढोबळ मानानें तीस हजार दाणे भरतात. एकेका ताऱ्यासाठीं एकेक दाणा ठेवावयाचा म्हटलें, तर एक लाख तेहतीस हजार क्विंटल ज्वारी लागेल. दहा टनांची एक याप्रमाणें तेराशेंहून अधिक मालमोटारी जालन्याच्या मोंढ्यांत उभ्या कराव्या लागतील. आणि त्या साऱ्या राशींतील एक दाणा, केवळ एकच, हा आपला सूर्य. खऱ्या आकाशगंगेंत दहा हजार कोटींपासून चाळीस हजार कोटींपर्यंत तारे असावेत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे खेळांतील राशि अंदाजाच्या वरच्या टोकाची असली, तरी ती अवास्तव नव्हे.

येथें कोणीहि विचारील कीं, एवढी रास घरांतल्या यंत्रांत मावते कशी? ह्याचें उत्तर जालन्याच्या माणसाला तरी अवघड वाटूं नये. जालना हें बियाण्यांचें गांव. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले ह्यांनीं येथेंच महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्काराचा मान मिळाला. कपाशीची एक सरकी हातांत घेतली, तर तींत पानें, फुलें, बोंडें हीं कांहीं घडी घालून ठेवलेलीं नसतात; झाड कसें वाढावें ह्याचा नियम तेवढा तींत असतो. खेळ रचणारे तेंच करतात. प्रत्येक ताऱ्याचें चित्र ते सांठवून ठेवीत नाहींत. एक आरंभींचा अंक आणि त्यावरून पुढें वाढत जाण्याचा नियम एवढेंच यंत्राजवळ असतें. खेळाडू त्या ताऱ्यापाशीं पोहोंचला कीं त्या अंकांतून तारा, त्याचे ग्रह, त्यांचे डोंगर हे सारे उगवतात. अंक तोच राहिल्यामुळें दुसऱ्या खेपेसहि तेच डोंगर त्याच जागीं सांपडतात. संगणकशास्त्रांत ह्या आरंभींच्या अंकाला 'बीज' असेंच म्हणतात. ह्याच ब्रेबेन ह्यांनीं इयान बेल ह्या आपल्या मित्रासह १९८४ सालीं जो पहिला 'एलिट' खेळ केला, त्यांत आठ आकाशगंगा आणि प्रत्येकींत २५६ तारे होते. आणि तें सर्व अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रांत मावलें होतें. आज मोबाईलवर काढलेल्या एका छायाचित्रालाहि त्याहून कितीतरी अधिक जागा लागते.

ही बीजाची युक्ति किती दूर जाऊं शकते ह्याचा दुसरा मासला म्हणजे २०१६ सालीं निघालेला 'नो मॅन्स स्काय' हा खेळ. त्यांत ग्रहांची संख्या १८,४४,६७,४४,०७,३७,०९,५५,१६,१६ इतकी आहे. हा आंकडा ऐकून दचकूं नका. तो आपल्या जुन्या ओळखीचा आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, अशी प्रत्येक घरीं दुप्पट करून चौसष्ट घरें भरून मागणाऱ्या त्या चतुर माणसाची गोष्ट लहानपणीं आपण सर्वांनीं ऐकली आहे. त्या साऱ्या दाण्यांची बेरीज केली आणि तींत आणखी एक दाणा मिळविला, म्हणजे नेमका हाच आंकडा येतो. इतके ज्वारीचे दाणे मोजावयाचे झाल्यास, हल्लीं सबंध जगांत वर्षाला जेवढें धान्य पिकतें तेवढें दोनशें वर्षें सांठवावें लागेल. एकेका ग्रहावर एकेक क्षण उतरावयाचें म्हटलें, तरी विश्वाचें जें वय शास्त्रज्ञ सांगतात, म्हणजे सुमारें १,३८० कोटी वर्षें, त्याच्या चाळीस पटींहूनहि अधिक काळ जाईल.

येथवर संख्येची गोष्ट झाली. परंतु आकाशगंगेचें खरें मोठेपण संख्येंत नाहीं; तें दोन ताऱ्यांमधील अंतरांत आहे. मोंढ्यांतील राशींत दाणे एकमेकांस खेटून असतात, आकाशांत तसे नसतात. ही गोष्ट नीट ध्यानीं यावी म्हणून आपण एक लहानशी प्रतिकृति करूं.

जालना स्टेशनच्या फलाटाच्या एका टोकाला ज्वारीचा एक दाणा ठेवा. हा सूर्य. खरा सूर्य सुमारें १४ लाख किलोमीटर व्यासाचा, हा दाणा चार मिलिमीटरांचा; त्याच प्रमाणांत बाकीचें सर्व लहान करावयाचें. असें केल्यावर पृथ्वी त्या दाण्यापासून एक हात अंतरावर येते. मात्र ती डोळ्यांना दिसावयाची नाहीं; ती पिठाच्या कणाहून बारीक होते. चंद्र तिच्यापासून एक मिलिमीटरावर. मनुष्य स्वतः आजवर अवकाशांत जेवढा दूर गेला, तें अंतर एवढेंच, एक मिलिमीटर! सर्वांत बाहेरचा ग्रह नेपच्यून हा तेरा मीटरांवर येतो. म्हणजे आपली सारी ग्रहमाला, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, आगगाडीच्या एका डब्याच्या लांबीहून थोडीशीच मोठी.

आतां दुसरा दाणा कोठें ठेवावयाचा? सूर्याला सर्वांत जवळचा तारा दक्षिण आकाशांतील नरतुरंग ह्या समूहांत आहे. त्याला प्रॉक्झिमा म्हणतात. तो सूर्याहून फार लहान असल्यामुळें त्याच्यासाठीं ज्वारी नको, खसखशीचा एक बारीक दाणा पुरे. तो घेऊन गाडींत बसा. त्याला फलाटावर उतरवूं नका. परतूर गेलें, सेलू गेलें, मानवत रोड गेलें. परभणी आली म्हणजे खालीं उतरून तो तेथें ठेवा. कारण प्रॉक्झिमाचें अंतर ४.२४ प्रकाशवर्षें, आणि आपल्या मापानें तें सुमारें ११५ किलोमीटर होतें. जालन्यास एक दाणा, परभणीस एक दाणा. आणि मधल्या साऱ्या मुलुखांत तिसरा दाणा नाहीं.

ह्याच मापानें सबंध आकाशगंगा केवढी होईल? तिचा व्यास सुमारें एक लाख प्रकाशवर्षें आहे. आपल्या प्रतिकृतींत एक प्रकाशवर्ष म्हणजे २७ किलोमीटर. तेव्हां आकाशगंगा २७ लाख किलोमीटरांची झाली. खरा चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरांवर आहे. सूर्याचा ज्वारीचा दाणा करूनहि आकाशगंगा चंद्राच्या अंतराच्या सातपट उरते! तो मुलगा ज्या मध्यापाशीं दुसऱ्या दिवशीं पोहोंचणार होता, तो मध्य आपणांपासून सुमारें २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. प्रतिकृतींत तें अंतर सात लाख किलोमीटर, म्हणजे जालन्याहून निघून चंद्र गांठावा आणि जवळजवळ परत यावें इतकें.

आतां ह्या वाटेवर मनुष्याचें वाहन किती पुढें गेलें आहे तें पाहूं. व्हॉयेजर-१ हें यान ५ सप्टेंबर १९७७ रोजीं पृथ्वीवरून सुटलें. मनुष्यानें पाठविलेल्या वस्तूंपैकीं सर्वांत दूर गेलेली वस्तु ती हीच. तें सेकंदाला सुमारें १७ किलोमीटर धांवतें, आणि २०२५ साल संपतांना तें सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारें १७० पट दूर होतें. प्रतिकृतींत तें किती झालें? पाऊणशें मीटरांहून थोडें कमी. जालन्याहून परभणीची वाट धरून निघालेलें हें यान जवळजवळ अर्ध्या शतकांत आगगाडीच्या तीन डब्यांइतकें सरकलें आहे. फलाटाचें दुसरें टोकहि अजून आलेलें नाहीं. परभणीइतकें अंतर कापावयास त्याला सत्तर हजारांहून अधिक वर्षें लागतील.

यानाचें राहूं द्या. ज्याच्याहून वेगवान असें जगांत कांहीं नाहीं, त्या प्रकाशाचीच गति पाहा. आपल्या प्रतिकृतींत प्रकाशाचा किरण तासाला तीन मीटर सरकतो. मुंगी त्याला मागें टाकील. नभोवाणीच्या लहरीहि ह्याच गतीनें जातात. मुंबईचें केंद्र १९२७ च्या जुलै महिन्यांत सुरू झालें. तेव्हांच्या कांहीं लहरी वातावरण भेदून अवकाशांत निसटल्या असतील असें मानलें, तरी त्या अद्यापि शंभर प्रकाशवर्षांच्या आंतच आहेत. आकाशगंगेचा मध्य त्यांना अजून सव्वीस हजार वर्षें दूर आहे.

ह्याच्या शेजारीं आतां तो खेळ ठेवा. त्यांतील चांगलें यान एका उडींत पन्नास-साठ प्रकाशवर्षें ओलांडतें; म्हणजे प्रतिकृतींत जालन्याहून थेट जम्मू. आणि ह्याला एक मिनिटहि पुरें लागत नाहीं. येथें त्या खेळाचें मर्म आहे, आणि तेथेंच त्याची लबाडीहि आहे. खेळानें जागा खरी दिली आहे, काळ मात्र खोटा दिला आहे. हा मी रचणाऱ्यांचा दोष मानीत नाहीं. काळ खरा दिला असता, तर खेळाडूला पहिल्या ताऱ्यापाशीं पोहोंचण्यापूर्वीं आपल्या पिढ्यान्‌पिढ्या पडद्यापुढें बसवाव्या लागल्या असत्या. परंतु जो मुलगा रोज रात्रीं मिनिटा-मिनिटाला तारे ओलांडतो, त्याच्या मनांत "आपण खरोखरी तेथें केव्हां जाणार?" हा प्रश्न पुढच्या गाडीच्या वेळेइतका सोपा होऊन बसतो, हेंहि तितकेंच खरें.

आणि एवढी सवलत घेऊनहि खेळाडूंच्या पदरांत काय पडलें? २०१९ सालीं तेरा हजारांहून अधिक खेळाडूंनीं नांवें नोंदवून, तांडा करून, आकाशगंगेच्या पलीकडच्या कडेपर्यंत कित्येक महिन्यांची मोहीम काढली. असे लक्षावधि खेळाडू पांच वर्षें हिंडल्यानंतर, २०२० च्या आरंभीं, खेळांतील ताऱ्यांपैकीं पाहून झालेले तारे शेंकडा ०.०४ च्या आसपास होते. म्हणजे दहा हजारांत चार. मोंढ्यांतील तेराशें मालमोटारींपैकीं अर्ध्या मालमोटारींतील दाणे तेवढे निवडून झाले! त्याच वेगानें राहिलेले पाहावयाचे तर बारा हजारांहून अधिक वर्षें लागतील. प्रकाशाला हरविणाऱ्या यानांचीहि जर ही गत, तर खऱ्या आकाशगंगेपुढें मनुष्यानें हात टेंकावेत कीं काय?

माझ्या मतें, नाहीं. जाणें निराळें आणि जाणणें निराळें. आपण तेथें जाऊं शकत नाहीं. पण तेथला प्रकाश मात्र आपणांकडे येतो. तो हजारों वर्षें चालून आपल्या अंगणांत उतरतो, आणि त्याला नीट विचारलें तर तो सर्व कांहीं सांगतो.

त्याला विचारावयाचें कसें? परभणीच्या त्याच गाडींत खिडकीपाशीं बसलें असतां जवळच्या बाभळी भराभर मागें पळतांना दिसतात, दूरची टेकडी मात्र जागची हालत नाहीं. कोण किती सरकला ह्यावरून कोण किती दूर हें ठरवितां येतें. पृथ्वी ही आपली गाडी. ती सहा महिन्यांत सूर्याच्या ह्या अंगाहून त्या अंगास जाते. तेवढ्यानें जवळचे तारे अगदीं किंचित् सरकल्यासारखे दिसतात. आपल्या प्रतिकृतींत बोलावयाचें तर, जालन्याच्या फलाटावर दोन हात बाजूस सरावयाचें आणि परभणीची खसखस किती हलली तें मोजावयाचें! हें कठीण काम १८३८ सालीं बेसेल ह्या जर्मन ज्योतिषानें हंस समूहांतील एका अंधुक ताऱ्याच्या बाबतींत प्रथम करून दाखविलें. आपल्या काळांत युरोपीय लोकांनीं २०१३ च्या डिसेंबरांत 'गाया' नांवाची दुर्बीण ह्याच कामासाठीं अवकाशांत सोडली. तिचें काम २०२५ सालीं संपलें. तिनें सुमारें १८० कोटी ताऱ्यांची नोंद केली आणि त्यांपैकीं बहुतेकांचीं अंतरें मोजलीं. आकाशगंगेंतील ताऱ्यांच्या मानानें हें प्रमाण शंभरांत एक-दीडाच्या आसपास पडतें. दहा हजारांत चार हा खेळाडूंचा हिशेब आठवा! ह्या दुर्बिणीचें ठाणें पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवर होतें. प्रतिकृतींत एका दाण्याच्या रुंदीएवढें. प्रकाशाहून वेगवान यानें नाचवून जेवढें झालें नाहीं, त्याच्या कितीतरी पट काम एका दाण्याइतकें सरकून आणि बारा वर्षें धीर धरून झालें.

प्रकाशालाहि जेथें वाट मिळत नाहीं, तेथें रेडिओलहरी उपयोगीं पडतात. आकाशगंगेच्या मध्याकडे दाट धुळीचे मेघ आहेत. त्यांतून डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं. परंतु १९३३ सालीं कार्ल जान्स्की ह्या अमेरिकन इंजिनियरानें, आपल्या यंत्रांत एकसारखी ऐकूं येणारी बारीक खरखर ही धनु राशीच्या दिशेनें, आकाशगंगेंतून येत असल्याचें जाहीर केलें. त्या शास्त्राचें एक थोर क्षेत्र आपल्या महाराष्ट्रांतच आहे. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवजवळ खोडद येथें, प्रा. गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखालीं, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. त्या तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत, शेतांमधून पसरल्या आहेत. २०२३ च्या जानेवारींत ह्याच दुर्बिणीच्या साहाय्यानें एका फार दूरच्या दीर्घिकेंतील हायड्रोजन वायूचा संदेश मिळाल्याचें जाहीर झालें. तो संदेश ८८० कोटी वर्षांपूर्वीं निघालेला होता. तेव्हां आपला सूर्य जन्मासहि आलेला नव्हता. द्राक्षें व टोमॅटो पिकविणाऱ्या त्या मुलुखांतून कोणी उठून कोठें गेलें नाहीं. ती वार्ता चालत त्यांच्या बांधावर आली.

म्हणून त्या मुलाला मी आज असें सांगेन : बाळ, तेथें आपण केव्हां जाऊं हें मला ठाऊक नाहीं, आणि तुझ्या-माझ्या हयातींत तर खासच नाहीं. परंतु तूं तेथें जावेंस म्हणून ती आकाशगंगा अडून बसलेली नाहीं. ती रोज रात्रीं तुझ्या घरावर येते. तूं तिला भेटला आहेस काय?

हा प्रश्न मीं उगाच विचारला नाहीं. त्याच रात्रीं आम्ही त्याच्या गच्चीवर गेलों होतों. शहराच्या दिव्यांनीं आकाश इतकें उजळलें होतें कीं पन्नास-साठ ताऱ्यांपलीकडे कांहींच दिसेना. चाळीस हजार कोटी तारे पडद्यावर हिंडणाऱ्या त्या मुलानें आपली खरी आकाशगंगा जन्मांत कधीं पाहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही अंबडच्या रस्त्यानें गांवापासून बरेंच दूर गेलों आणि एका शेताच्या कडेला दिवे मालवून उभे राहिलों. डोळे अंधाराला सरावावयास पंधरा-वीस मिनिटें गेलीं. मग नैर्ऋत्येच्या क्षितिजापासून, डोक्यावरील हंसामधून, ईशान्येकडील शर्मिष्ठेपर्यंत गेलेला तो फिकट पांढरा पट्टा हळूहळू उमटला. मीं त्याला देवयानींतील अंधुक ठिपकाहि दाखविला. ती आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी दीर्घिका. तिचा तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वीं निघालेला. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग हळूच म्हणाला, "काका, खेळांत ही एवढी दूर वाटत नाहीं."

मला वाटतें, त्याला जें कळावयास हवें होतें तें कळलें होतें.

श्रोतेहो, घरांतील मुलें असा खेळ खेळत असतील, तर त्यांच्यावर रागावूं नका. त्या खेळानें त्यांना खऱ्या मापाचा नकाशा दिला आहे. मात्र पावसाळा सरल्यावर एखाद्या अमावास्येला त्यांना दिव्यांपासून दूर न्या आणि नकाशा ज्याचा आहे तें मूळ दाखवा. त्याला तिकीट लागत नाहीं, दुर्बीणहि लागत नाहीं. लागतो तो केवळ अंधार आणि थोडा धीर.

मीं आपला पाऊण घटकेहून अधिक वेळ घेतला. तेवढ्यांत आपल्या प्रतिकृतींतील प्रकाशाचा किरण ज्वारीच्या दाण्यापासून दोन-अडीच हात पुढें सरकला असेल. परभणी अजून फार दूर आहे. त्याला त्याच्या वाटेनें जाऊं द्या. मी आपली रजा घेतों.